उपाशी ठेवलेला मका

"हे पिवळं काय आहे?"

प्राचार्य डॉ. व्यवहारे रस्त्यावरूनच आमच्या मक्याकडे बोट दाखवत होते. बांधाच्या आत यायची त्यांची तयारी नव्हती, कारण पायात महाविद्यालय तपासायला येणाऱ्या मूल्यांकन समितीसाठी घेतलेले नवे बूट होते. समिती यायला अजून पंधरवडा होता, पण तोवर बूट पायाला बसायला हवेत म्हणून ते आतापासूनच घालून हिंडत होते.

"मका आहे, सर," मी म्हणालो.

"मका आहे ते दिसतंय मला, नागनाथ. पिवळा का आहे?"

"कंट्रोल आहे सर तो," माझ्या शेजारून रेवती म्हणाली. "त्याला काहीच दिलेलं नाही. खत नाही, जिवाणू नाही. मुद्दाम उपाशी ठेवलाय."

"मुद्दाम?"

"हो सर. तिकडं गोठ्यामागं जो मका आहे, त्याला नुसता माझा जिवाणू दिलाय. ह्याला तोही नाही. दोघांत फरक पडला तर जिवाणू काम करतो म्हणायचं. नाही पडला तर नाही."

व्यवहारे सर स्वतः शेतीतले डॉक्टर. कंट्रोल म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं, असं म्हटलं तर त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि तरीही ते मक्याकडे असे बघत होते, जणू तो परीक्षेत कॉपी करताना सापडलाय.

"मला कळतं गं," ते म्हणाले. "समितीला कळेल का? अध्यक्ष इतिहासाचे प्राध्यापक आहेत. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांना काय दिसणार? कृषी महाविद्यालयाच्या दारात पिवळं पीक."

"आपण पाटी लावू, सर," मी म्हणालो.

"पाटी लांबून वाचता येत नाही. पिवळं लांबून दिसतं."

रेवतीने हात जोडले. "सर, फक्त कुणी हात लावू नका. दोन महिन्यांनी विद्यापीठाची स्पर्धा आहे. तेवढं होऊ द्या."

"शब्द देतो," सर म्हणाले. "एका पानाला हात लागणार नाही."

आणि तो शब्द त्यांनी पाळला. पानाला कोणी हात लावला नाही. जे झालं ते मुळाशी झालं.

आज मी बार्शी रोडला कृषी सेवा केंद्र चालवतो. खतं, बियाणं, औषधं विकतो आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या पोराला पहिला प्रश्न विचारतो, कंट्रोल कुठे ठेवला होता? बहुतेक पोरं हसतात. त्यांना वाटतं, मी काहीतरी गमतीचं बोललो. मक्याचं हे घडलं तेव्हा मी कृषीच्या तिसऱ्या वर्षाला होतो. आमच्या संस्थेची एकाच आवारात तीन महाविद्यालयं होती, कृषी, विज्ञान आणि अभियांत्रिकी, आणि तिघांची एकमेकांशी सोयरीक नव्हती. त्या वर्षी कुठूनसं फर्मान आलं की विद्यार्थ्यांच्या संशोधनात तिन्ही शाखा एकत्र आल्या तर संस्थेला जादा गुण मिळतात. लगेच आमचं लग्न लावून दिलं. कृषीतून मी, सूक्ष्मजीवशास्त्रातून रेवती थोरबोले आणि अभियांत्रिकीतून तौफिक मुजावर.

खरं म्हणजे प्रकल्प एकट्या रेवतीचा होता. मी नांगरट आणि पेरणी केली. तौफिकने बुटाच्या खोक्यात जुना मोबाइल आणि एक दिवा बसवून पानाचा हिरवेपणा मोजायचं यंत्र बनवलं. पण जिवाणू रेवतीचा. तिच्या गावाकडे माळावर एक गवत आहे, सगळं रान करपलं तरी ते हिरवं राहतं. त्या गवताच्या मुळावरून तिने तो जिवाणू काढला होता, प्रयोगशाळेत वाढवला होता, आणि नत्र अजिबात नसलेल्या खाद्यावरही तो बशीत वाढतो हे दाखवलं होतं. म्हणजे तो हवेतला नत्र ओढत असणार. म्हणजे कदाचित पिकालाही देत असणार. हे 'कदाचित' तिला झोपू देत नव्हतं.

त्यात विद्यापीठाच्या स्पर्धेची एक गोष्ट होती. तिथे परीक्षकांना जो विद्यार्थी पटेल, त्याला पुण्याच्या एका संशोधन संस्थेत उन्हाळाभर काम करायला मिळायचं. रेवतीचे वडील एसटीत कंडक्टर. पोरीला त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "कुणी बोलवून घेतलं तर पाठवतो. उगं शोधत हिंडायला नाही." तेव्हा तिला बोलावणंच हवं होतं.

चार-सहा दिवसांनी आम्ही यंत्र घेऊन मक्यात गेलो. तौफिकने रस्त्याकडच्या ओळीतलं एक पान खोक्यात घातलं, मोबाइलकडे पाहिलं, आणि पान काढून परत घातलं.

"काय झालं?" रेवतीने विचारलं.

"मशीन बिघडलंय. कंट्रोल हिरवा दाखवायलंय."

यंत्राचं काय घेऊन बसलात, डोळ्यांनाही तो हिरवाच दिसत होता. पण आम्ही शिकलेली पोरं, डोळ्यावर कसा विश्वास ठेवणार? तौफिकने तिथेच बांधावर बसून खोकं उघडलं, दिवा बदलला, वायरी परत जोडल्या. पुन्हा मोजलं. कंट्रोल अजूनच हिरवा निघाला.

"वाफे तर उलटे मोजत नाही ना आपण?" मी म्हणालो. माझ्या हातचा नकाशा मी दोनदा फिरवून पाहिला.

रेवती मात्र मक्यात उकिडवी बसून मुळाजवळची माती बोटाने उकरत होती. "पाण्याबरोबर वाहत आला असंल," ती स्वतःशीच म्हणाली. "माझा जिवाणू. गोठ्याकडून पाणी इकडंच उतरतं. तिथनं इथं आलाय आणि इथं जास्त जमलाय."

हे बोलताना तिचा चेहरा असा उजळला की मला तिचा हेवा वाटला. आपण सोडलेला जिवाणू बांध ओलांडून, उपाशी मक्याच्या मदतीला धावून गेलाय, असं तिला दिसत होतं. गोठ्यामागचा मका, ज्याला तो पोटभर दिला होता, मात्र तिथे आधीइतकाच पिवळा उभा होता. तिकडे आम्ही तिघांनीही जरा कमीच बघितलं.

तौफिकने यंत्रावर संशय घेतला, मी स्वतःवर, रेवतीने पाण्याच्या उतारावर. व्यवहारे सरांवर कोणी संशय घेतला नाही, कारण त्यांनी शब्द दिला होता.

उलगडा झाला तो लोमटे सरांच्या डब्यामुळे. लोमटे सर आमचे मार्गदर्शक. माणूस लोण्यासारखा, कोणाचं मन मोडवत नसे, त्यामुळे त्यांच्या हाताखाली कोणतीच गोष्ट धड होत नसे. दुपारी ते विभागात डबा खात बसले होते. रेवतीने त्यांना पाण्याच्या उताराची सगळी थिअरी सांगितली. आता नवीन नमुने घ्यायचे, मातीतून जिवाणू परत वेगळा काढायचा, वगैरे. सरांचा घास हातातच राहिला.

"एवढं कशाला करायलीस?" ते म्हणाले.

"मग कळणार कसं, सर, कंट्रोल हिरवा कशानं झाला?"

सरांनी घास खाल्ला. पाणी प्यायले. "थोडासा युरिया टाकलाय मी त्याला."

रेवतीने वही मिटली.

"थोडासाच," सर म्हणाले. "ओंजळभर ओळीला. अगं, रोज त्या रस्त्यानं येतो मी. उपाशी पीक बघवत नाही. शेतकऱ्याचं पोरगं आहे मी."

"सर, तो उपाशी ठेवायचाच होता."

"कळतंय मला. मीच तर शिकवलंय तुम्हाला. पण बघवत नाही, त्याला काय करू?"

रेवती बाहेर पडली ती थेट शेतावरच्या मुकादमाकडे. मुकादमाने तिला काही विचारायच्या आत सांगून टाकलं, "टाकलाय की बाई. प्राचार्यांनी सांगितलं तवाच टाकलाय. पुन्हा सेक्रेटरी साहेबांचा फोन आला, रस्त्याच्या कडंचं पीक नीट दिसू द्या म्हणून, मग त्यो पाण्यात विरघळणारा हाय न्हवं, त्यो बी सोडला." म्हणजे एकाच मक्याला तिघांनी, एकमेकांच्या चोरून, जेवू घातलं होतं. प्रत्येकाला वाटत होतं, संस्थेची अब्रू आपण एकट्याने राखली. जन्मात एवढे लाड कुठल्या पिकाचे झाले नसतील. तो मका गर्द हिरवा, काळाशार झाला, छातीला लागला, त्याची पानं एकमेकांवर घासून आवाज करायला लागली. सगळ्या आवारात त्याच्यासारखं पीक नव्हतं.

समितीच्या दिवशी सकाळी आम्हाला शेतावर बोलावणं आलं. आम्ही पोचलो तेव्हा मुकादम पाट्या बदलत होता. 'कंट्रोल' ही पाटी उचलून त्याने गोठ्यामागे रोवली होती. रस्त्याकडच्या मक्यात नवी, रंगवलेली पाटी उभी होती: 'विद्यार्थी संशोधन – नैसर्गिक जिवाणू खत.'

"सर, हे उलटं झालंय," रेवती व्यवहारे सरांना म्हणाली.

"उलटं काय? हिरवा कुठला आहे?"

"हा. पण हा युरियाचा हिरवा आहे."

"युरिया ह्यात दिसतोय का तुला कुठे?" सर म्हणाले. ते मनापासून विचारत होते. "हे बघ, तुझा जिवाणू चांगला आहे. मला खात्री आहे. पीक चांगलं आहे, ते तर दिसतंच आहे. मग चांगल्या पिकाला चांगली पाटी लावली, ह्यात खोटं काय केलं आपण?"

"चांगला आहे का नाही तेच बघायचं होतं, सर."

"मग बघ की. कोण नको म्हणतंय?"

तेवढ्यात गाड्या आल्या. इतिहासाचे अध्यक्ष उतरले आणि मान्य करायला हवं, व्यवहारे सरांचा अंदाज अचूक होता. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांना मकाच दिसला. त्यांनी त्यात उभं राहून फोटो काढून घेतला. एक पान हातात धरून ते म्हणाले, "हे शेतकऱ्यांपर्यंत पोचवता की नाही?" व्यवहारे सर म्हणाले, "पोचवतोय, सर." अशी जिवाणू खताची बाटली जन्माला आली. संध्याकाळपर्यंत तिचं नावही ठरलं, 'आबा-संजीवक'. आबासाहेब म्हणजे आमचे संस्थापक. आमच्याकडे पाणपोईपासून मुताऱ्यांपर्यंत सगळ्याला त्यांचंच नाव होतं.

रेवतीने त्या दिवशी भांडण केलं नाही. तिने मला आणि तौफिकला फक्त एवढं विचारलं, "अशी जागा सांगा, जिथं समिती कधीच जाणार नाही."

आम्ही विचार केला. संस्थेच्या एवढ्या मोठ्या आवारात तशी एकच जागा निघाली, मुलींच्या वसतिगृहामागे, संडासाच्या टाकीजवळ. समितीसाठी इमारती रंगवल्या होत्या, त्याचे रिकामे डबे ढिगाने पडले होते. ते आम्ही घासून धुतले, बुडाला भोकं पाडली, वाळू भरली आणि मका लावला. अर्ध्या डब्यांना जिवाणू, अर्ध्यांना काही नाही. पाणी द्यायचं ते फक्त रेवतीने. रेक्टरबाईंना तिने शपथ घातली होती की ह्या झाडांची कुणाला दया आली तरी त्याला हाकलून द्यायचं. आमच्या महाविद्यालयात त्या वर्षी खरं संशोधन झालं ते एवढंच, आणि ते होऊ शकलं ते तिथे वास येत होता म्हणून.

मका वाढला. चार पानांपर्यंत सगळे डबे सारखे दिसत होते. मग खालची पानं टोकापासून पिवळी पडायला लागली. बिनजिवाणूच्या डब्यांत पडली. दुसऱ्या दिवशी जिवाणूच्याही. तौफिक रोज खोकं घेऊन यायचा, रोज दोन्हीकडचा आकडा सारखाच यायचा. यंत्र आता बिघडलेलं नव्हतं.

"अजून आठवडा बघू," मी म्हणालो.

"बघायचं काय राहिलंय?" रेवती म्हणाली. "बशीत जगतो. मक्याला काही देत नाही. स्वतःपुरतं कमावतो आणि खातो."

आणि ती डब्यांपाशी बसून रडली. दोन वर्षं तिने त्या जिवाणूला पोराबाळासारखं वाढवलं होतं. तौफिक खोकं घेऊन बाजूला उभा राहिला. मला वाईट वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर कुठेतरी बरंही वाटत होतं, कारण निदान उत्तर मिळालं होतं. थोड्या वेळाने तिने ओढणीने तोंड पुसलं आणि विचारलं, "बाटलीवर माझं नाव टाकलंय का रे?"

टाकलं होतं. 'संशोधक: कु. रेवती थोरबोले.' व्यवहारे सरांना वाटलं होतं, पोरगी खूश होईल.

आम्ही तिघे त्यांच्या केबिनमध्ये गेलो. टेबलावर स्पर्धेचं पोस्टर अंथरलेलं होतं. आमच्याकडे पोस्टर कसं बनतं, हे सांगायला हवं. आधी वर आबासाहेबांचा फोटो. मग विद्यमान अध्यक्ष, सेक्रेटरी, प्राचार्य, उपप्राचार्य, तीन विभागांचे प्रमुख, मार्गदर्शक, सहमार्गदर्शक आणि प्रेरणास्थान. उरलेल्या जागेत हिरव्या मक्यात उभे असलेले इतिहासाचे अध्यक्ष. आमची नावं खाली, बारीक अक्षरात. निष्कर्ष कुठेच नव्हता, कारण जागा संपली होती.

"सर, माझं नाव काढा," रेवती म्हणाली. "बाटलीवरून पण आणि ह्याच्यावरून पण."

सरांनी चष्मा काढला. "चोवीस वर्षं झाली मला नोकरीत. नाव घाला म्हणून भांडणारे शेकडो बघितले. काढा म्हणणारी तू पहिलीच."

"जिवाणू काम करत नाही, सर. मी परत करून बघितलं."

"कुठे?"

"वसतिगृहामागं. डब्यात."

"डब्यात," सर म्हणाले. त्यांना एकदम हायसं वाटलेलं दिसलं. "अगं, संडासामागं डब्यात काय येणार आहे? शेतात बघ, कसा आलाय."

"सर, तो युरिया आहे."

"तेच तेच नको बोलू. आणि एक लक्षात घे. पुण्याला जायचंय ना तुला? तिथे मी-मी म्हणणारे परीक्षक असतात. आमचा प्रयोग फसला म्हणून सांगणाऱ्याला कोण बोलावतं? पोस्टरपाशी उभी राहा, हसून बोल. पुढचं मी बघतो."

ह्यातलं 'कोण बोलावतं' रेवतीला लागलं, कारण ते खरं असण्याची शक्यता होती.

विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात पोस्टरांच्या रांगा लागल्या होत्या. आमच्या शेजारी उसाच्या पाचटापासून बनवलेलं हेल्मेट होतं. परीक्षकांनी हातात घेताच ते दुमडलं, तरी त्यांनी कौतुकाने मान हलवली. रेवतीने पिशवीतून एक साधा कागद काढला. त्यावर तिने डब्यांचा फोटो, दोन्हीकडचे आकडे आणि खाली एक ओळ हाताने लिहिली होती: 'हा जिवाणू मक्याला नत्र पुरवत नाही. शेतातील प्रयोग कंट्रोलला युरिया मिळाल्यामुळे बाद.' मग ती पोस्टरवर जागा शोधायला लागली.

"मक्याच्या फोटोवर लाव की," मी म्हणालो.

"तिथं समितीचे अध्यक्ष आहेत. पाहुण्यांवर कसं लावू?" तिने वर पाहिलं. सगळ्यांत मोठी चौकट आबासाहेबांची होती, आणि तिच्या कागदाच्या मापाची होती. तिने तो तिथे चिकटवला.

परीक्षक म्हणून पुण्याहून दाबके मॅडम आल्या होत्या. पिकलेले केस, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. त्यांनी पोस्टरकडे बघितलं, कागद वाचला, पुन्हा वाचला.

"कंट्रोलला युरिया कुणी दिला?"

"तिघांनी, मॅडम," रेवती म्हणाली.

"तीन वेळा?"

"तिघांनी वेगवेगळा. त्यांना पिवळं बघवत नव्हतं."

मॅडम हसल्या नाहीत. "आणि ह्या डब्यांना कुणी दिला नाही कशावरून?"

"तिथं वास येतो, मॅडम. कुणी फिरकत नाही."

"हं," मॅडम म्हणाल्या. वहीत काहीतरी टिपलं आणि पाचटाच्या हेल्मेटकडे वळल्या. तेवढ्यात व्यवहारे सर आमच्यापर्यंत पोचले. ते कागदावरचा मजकूर वाचणार, आता आपलं काही खरं नाही, असं मला वाटलं. सरांनी मजकूर वाचलाच नाही.

"आबासाहेबांच्या तोंडावर?" ते म्हणाले. एवढंच. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

पहिलं बक्षीस हेल्मेटला मिळालं. आम्हाला सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं, त्यात तौफिकचं आडनाव चुकवलं होतं.

परीक्षा संपत आल्या तेव्हा पुण्याहून पत्र आलं. दाबके मॅडमनी रेवतीला उन्हाळ्यासाठी बोलावलं होतं. पत्रात एक वाक्य होतं, की आपलंच गृहीतक चुकीचं ठरवणारा प्रयोग तिने नीट केला, म्हणून ही निवड. रेवतीने ते पत्र वडिलांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "एसटीचा पास काढून ठेवतो." व्यवहारे सरांनी मात्र सगळं विसरून तिला पेढा भरवला. नामांकित संस्थेत विद्यार्थ्याची निवड झाली की समितीच्या फायलीत गुण वाढतात. लोमटे सरांना फ्लेक्सचा मजकूर लिहायला सांगितला. लोमटे सर भिडस्त, स्वतःच्या मनाचं काही घालायचं धाडस नाही. त्यांनी पत्राचं सरळ भाषांतर केलं. ते छापून येण्याआधी कोणी वाचलं नाही, कारण फ्लेक्सवर सगळे आधी आपला फोटो आहे का ते बघतात.

ती पुण्याला निघाली त्या सकाळी मी आणि तौफिक तिला सोडायला फाटकापर्यंत गेलो. फाटकावर तो फ्लेक्स झळकत होता. एका कोपऱ्यात आबासाहेब, दुसऱ्यात संस्थेचे अध्यक्ष, आणि ह्या वेळी मधोमध, हातभर मोठा, रेवतीचा फोटो. खाली लिहिलं होतं: 'स्वतःचा जिवाणू निरुपयोगी असल्याचे सिद्ध केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' आणि त्याच्या बरोबर खाली टेबल टाकून 'आबा-संजीवक'ची विक्री चालली होती. गावोगावचे शेतकरी एसटीतून उतरत होते आणि बाटली घेऊन जात होते.

तौफिक पोट धरून हसला. मीही हसलो. रेवती टेबलाकडे बघत उभी होती.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने तिच्याकडे बघितलं, मग फ्लेक्सकडे, मग परत तिच्याकडे. "पोरी, ही तूच ग?"

"व्हय काका, मीच."

"हे औषध तूच काढलंस म्हनं?"

"काका, ते घेऊ नका. त्याचा काही उपयोग नाही. मी स्वतः करून बघितलंय."

म्हातारा हसला. त्याला फार कौतुक वाटलेलं दिसलं. "एवढं शिकली, पर गर्व न्हाई बघा पोरीला," तो टेबलामागच्या कारकुनाला म्हणाला. "दोन द्या."

म्हाताऱ्याने बाटल्या पिशवीत टाकल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि एसटीकडे निघाला. रेवती त्याच्यामागे चार पावलं गेली आणि थांबली.

"नागनाथ, चाकू आहे का?" तिने विचारलं.

फळबागेच्या प्रात्यक्षिकामुळे कलमाचा चाकू माझ्या खिशात कायम असायचा. मी दिला. तिने टेबलाशेजारची एक खुर्ची ओढली, तिच्यावर चढली, आणि कलमाला डोळा काढावा तसा अगदी सरळ रेषेत, आबासाहेबांना धक्का न लावता, फ्लेक्समधून स्वतःचा फोटो कापून काढला. कारकून "अहो बाई, अहो बाई" करत राहिला. तिने फोटोची घडी घालून पिशवीत ठेवली, खुर्ची जागेवर ठेवली आणि मला चाकू परत दिला.

"लेबलावरचं नाव राहिलं," ती म्हणाली.

"ते मी बघतो," मी म्हणालो. पण मला काही बघावं लागलं नाही.

फ्लेक्सच्या मधोमध एवढं मोठं चौकोनी भोक, त्यातून मागचा विजेचा खांब दिसायचा. व्यवहारे सरांना कुठलीही मोकळी जागा सहन होत नसे. तिथे त्यांनी आपला फोटो लावून घेतला, आणि लेबलं नव्याने छापून घेताना संशोधक म्हणूनही आपलंच नाव घातलं. असं नाव घालायची संधी पोरीने स्वतःहून सोडली, याचं त्यांना शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं. शेतकरी एसटीतून उतरायचे, टेबलापाशी थांबायचे, वर फ्लेक्सकडे बघायचे आणि पोरीच्या जागी साहेब दिसले की बाटली न घेताच फाटक ओलांडून पुढे जायचे. महिन्याभरात टेबल उचललं. उरलेल्या बाटल्या संस्थेच्या कोठारात गेल्या आणि तिथून पाहुण्यांना शाल-श्रीफळाबरोबर एक एक द्यायची पद्धत पडली.

रेवती उन्हाळ्यानंतरही पुण्याहून परत आली नाही. तिथेच शिकली, आता तिथेच काम करते. कोणत्या जिवाणूवर, ते तिने मला दोनदा समजावून सांगितलंय आणि मला दोन्ही वेळा कळलेलं नाही. मागच्या वर्षी संस्थेने यशस्वी माजी विद्यार्थी म्हणून माझा सत्कार केला. शाल आली, नारळ आला आणि बाटली आली. व्यासपीठावर बसल्या बसल्या मी ती फिरवून लेबल वाचलं. आबासाहेब होते, अध्यक्ष होते, सेक्रेटरी होते, संशोधक म्हणून व्यवहारे सर होते. चष्मा लावून सगळं लेबल, बारीक अक्षरांसकट, मी दोनदा वाचलं. रेवतीचं नाव कुठेही नव्हतं, आणि मला फार बरं वाटलं.